सॉरॉन विरुद्ध व्होल्डेमॉर्ट: पोपटाची मान कोण मुरगळणार?

साता समुद्रापलीकडे बेट, बेटावर झाड, झाडाला टांगलेला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. ही गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॉरॉन आणि रोलिंगच्या 'हॅरी पॉटर'मधला व्होल्डेमॉर्ट या दोन खलनायकांची काल्पनिक झुंज कुठून मोजायला घ्यावी, हे सांगावं लागू नये. तरीही या जोडीवर वाद सुरू झाला की पहिल्या मिनिटापासून तलवार, गदा, छडी आणि अवाडा केडाव्रा हा मारणमंत्र यांचीच मापं निघतात. पोपटाकडे लक्ष जातं ते फार उशिरा. खुद्द टॉल्किननं १९५८ सालच्या एका पत्रात म्हटलं आहे की, आपला जीव किंवा सामर्थ्य बाहेरच्या एखाद्या वस्तूत ठेवण्याची जी जुनी पुराणकल्पना आहे, तिचंच एक रूप म्हणजे सॉरॉनची अंगठी. रोलिंगचे हॉरक्रक्स, म्हणजे व्होल्डेमॉर्टनं आपल्या आत्म्याचे तुकडे कोंडलेल्या वस्तू, त्याच कुळातले. म्हणून ही लढत म्हणजे दोन पोपटवाल्या राक्षसांची लढत आहे आणि ती तशीच मांडली पाहिजे.

आधी दोन पोपटांतला फरक. तो नीट कळला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं.

सॉरॉननं अंगठीत जीव ठेवला नाही, बळ ठेवलं. दुसऱ्या युगाच्या सुमारे १६०० साली ओरोड्रुइन या ज्वालामुखीच्या आगीत ती घडवताना त्यानं आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा तिच्यात ओतला, कारण बाकीच्या १९ अंगठ्यांवर हुकूम चालवायचा तर एवढी किंमत मोजणं भाग होतं. ती हातात असताना तो होता त्याहून बलवान. ती हरवली तरी जोवर ती शाबूत आहे तोवर त्याचं बळ टिकून राहतं. ती वितळली की मात्र तो कायमचा खलास: मरत नाही, पण पुन्हा कधी देह घेऊ शकत नाही.

हॉरक्रक्सचं तसं नाही. खून करून आत्मा फाडायचा, फाटलेला तुकडा वस्तूत कोंडायचा, म्हणजे देह पडला तरी उरलेला आत्मा इहलोकाला बांधलेला राहतो. एवढंच त्याचं काम. त्यानं मालकाचं सामर्थ्य तसूभरही वाढत नाही. अंगठी म्हणजे धंद्यात घातलेलं भांडवल आणि हॉरक्रक्स म्हणजे परसात पुरलेला हंडा. हंड्याला व्याज नसतं आणि हंडा कुणी उकरून नेला तर घरात झोपलेल्या मालकाला पत्ताही लागत नाही. व्होल्डेमॉर्टचं नेमकं हेच झालं. १९९३ मध्ये डायरी गेली, १९९६ मध्ये त्याच्या आजोळच्या गॉन्ट घराण्याची अंगठी गेली, १९९७ सरता सरता लॉकेट गेलं, आणि त्याला आतून काहीही जाणवलं नाही. मे १९९८ मध्ये ग्रिंगॉट्स बँकेच्या तिजोरीतून कप पळवल्याची बातमी आल्यावर तो बाकीचे हंडे तपासायला धावला.

आता झुंजीची मांडणी. सगळ्यात जास्त भांडणं तारखेवरून होतात आणि ती तारीख न ठरवल्यामुळेच होतात. 'सॉरॉन' म्हणजे कोणता सॉरॉन? दुसऱ्या युगाच्या १२०० साली अन्नातार, म्हणजे भेटी देणारा स्वामी, हे नाव घेऊन एरेगिऑनच्या कारागिरांना भुलवणारा देखणा सॉरॉन वेगळा, आणि ३३१९ साली न्यूमेनॉर हे माणसांचं बेटावरचं राज्य बुडताना देह गमावल्यानंतर सुंदर रूप कधीच धारण करू न शकलेला सॉरॉन वेगळा. तिसऱ्या युगाच्या ३०१८-१९ सालातला तर आणखी वेगळा: अंगठी हातात नाही, हाताला चारच बोटं, पण मॉर्डॉर या त्याच्या मुलखात सगळीकडे सैन्य आणि नऊ नाझगुल, म्हणजे अंगठ्यांनी त्याचे गुलाम झालेले नऊ जण, दिमतीला.

व्होल्डेमॉर्टचंही तसंच. त्याचा सगळ्यात भक्कम काळ म्हणजे ऑक्टोबर १९८१ चा शेवटचा आठवडा. डायरी, गॉन्टची अंगठी, लॉकेट, कप आणि मुकुट असे पाच हॉरक्रक्स शाबूत (लॉकेट गुहेतून चोरीला गेलं होतं, पण फुटलं नव्हतं), वय ५४ आणि स्वतःची साडेतेरा इंची यू लाकडाची छडी हातात. नंतर नागिणीची भर पडली खरी, पण तोवर एक हंडा फुटलेला होता. त्याला १९९८ ची एल्डर वाँड, म्हणजे सगळ्यात बलवान मानली जाणारी छडी, देऊन उभा करणारे चूक करतात. ती छडी त्याच्या हातात होती, त्याची नव्हती. तिची निष्ठा आधीचा मालक डम्बलडोर याच्याकडून हॅरीचा शाळासोबती ड्रेको याच्याकडे आणि ड्रेकोकडून हॅरीकडे गेलेली होती, त्यामुळे त्याच्या हातात ती एरवीच्या छडीहून जास्त काही करत नव्हती.

दुसरी ठरवायची गोष्ट म्हणजे जिंकणं कशाला म्हणायचं. प्रतिस्पर्ध्याचा देह पाडणं हा एक निकाल. तो परत येऊ नये हा दुसरा. या दोघांच्या बाबतीत हे दोन निकाल एकमेकांपासून कोसभर लांब आहेत. आणि तिसरी गोष्ट, पुस्तक धरायचं की सिनेमा, हे आधीच सांगून टाकावं. मी पुस्तक धरतो. पुस्तकातला सॉरॉन बुरुजावरचा पेटता डोळा नाही. त्याला देह आहे, आणि टॉल्किनच्याच एका पत्रानुसार माणसापेक्षा मोठा पण राक्षसी आकाराचा नाही असा. गदेच्या एका फटक्यात रांगच्या रांग उडवणं हे सिनेमाचं. पुस्तकात दुसऱ्या युगाच्या ३४४१ साली माणसांचा राजा एलेन्डिल आणि एल्फांचा राजा गिल-गालाद यांनी त्याला पाडलं, त्यात दोघंही मेले आणि तो पडल्यावर एलेन्डिलचा मुलगा इसिल्दुर यानं बापाच्या मोडलेल्या नार्सिल तलवारीच्या मुठीकडच्या तुकड्यानं अंगठी कापून घेतली. हा तपशील झुंजीत फार कामाचा आहे, कारण त्यातून सॉरॉनची समोरासमोरची ताकद मोजता येते: अंगठी हातात असतानाही दोन महावीर, स्वतःच्या प्राणांची किंमत देऊन, त्याला जमिनीवर आणू शकतात.

खरं तर समोरासमोरचा लढवय्या म्हणून सॉरॉनची कारकीर्द फारशी चमकदार नाही. पहिल्या युगात लूथिएन या एल्फ राजकन्येसोबतच्या हुआन या शिकारी कुत्र्यानं त्याला गळ्याला धरून लोळवलं. लांडगा झाला, साप झाला, पुन्हा स्वतःच्या रूपात आला, तरी पकड सुटली नाही. शेवटी बुरुजाचा ताबा सोडून, वटवाघळाच्या रूपात तो उडून गेला. त्याच बुरुजात फिनरोद या एल्फ राजाला मात्र त्यानं हरवलं होतं, पण ते गाण्यांच्या झुंजीत, म्हणजे मन आणि इच्छाशक्ती पणाला लागलेल्या सामन्यात. त्याचं खरं मैदान तेच.

तर पहिली फेरी: अंगठी हातात असलेला सॉरॉन, मोकळं मैदान, दोघांत ३० पावलांचं अंतर, कुणालाही पूर्वसूचना नाही. इथे मी कौल व्होल्डेमॉर्टला देतो. त्याच्याकडे वेग आहे. तो क्षणात अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होतो, झाडूशिवाय उडतो आणि मारायला त्याला एक शब्दोच्चार पुरतो. अवाडा केडाव्राला प्रतिमंत्र नाही. अडवता मात्र येतो: जादू मंत्रालयातल्या १९९६ च्या द्वंद्वात डम्बलडोरनं कारंज्यावरचे पुतळे हलवून तो अडवला होता आणि एकदा त्याच्या फॉक्स या फीनिक्स पक्ष्यानं तो गिळून स्वतः जळून घेतलं होतं. म्हणजे मधे काहीतरी घन वस्तू आली, की मंत्र वाया. सॉरॉनकडे डम्बलडोरची चपळाई असल्याचा एकही पुरावा नाही. त्याच्या हाताची आग भयंकर आहे. इसिल्दुरच्या लेखात स्पष्ट आहे की तो हात काळा असूनही विस्तवासारखा भाजत होता आणि गिल-गालादचा अंत त्यानंच झाला. पण त्या आगीसाठी हात पोचायला हवा आणि व्होल्डेमॉर्ट हाताच्या अंतरावर येणार नाही.

मंत्र सॉरॉनला लागू पडेल का, हा इथला नेहमीचा अडसर. तो माणूस नाही, मायार आहे, म्हणजे देह धारण केलेला आत्मा. माझा हिशोब साधा आहे: अवाडा केडाव्रा देह आणि आत्मा यांची गाठ तोडतो. सॉरॉनचा देह हे त्यानं घातलेलं वस्त्र आहे आणि ते उतरवता येतं, हे ३३१९ आणि ३४४१ अशा दोन वेळी सिद्ध झालं आहे. मग मंत्रानंही ते उतरावं. देह पडेल, अंगठी जमिनीवर पडेल आणि सावली उडून पूर्वेला जाईल.

आणि इथून खरी गंमत सुरू होते, कारण जमिनीवर अंगठी पडलेली आहे आणि समोर व्होल्डेमॉर्ट उभा आहे.

तो ती उचलणार. याबद्दल तिळमात्र शंका नको. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या संस्थापकांच्या वस्तू मिळवण्यासाठी त्यानं खून केला, गॉन्ट घराण्याची अंगठी शाळेत असतानाच बोटात घालून मिरवली. इतिहास असलेली, सोन्याची, सत्तेची वस्तू त्याच्यासमोर पडली आणि तो पुढे निघून गेला, असं होणारच नाही. उचलल्यावर त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बिघडतात.

पहिला मार्ग, अंगठी वापरणं. अंगठी घालणाऱ्याला त्याच्या मूळ वकुबाच्या प्रमाणात शक्ती देते, आणि व्होल्डेमॉर्टचा वकूब मोठा आहे. शेकडो वर्षं अंगठी बाळगून बसलेल्या गॉलमसारखं नुसतं अदृश्य होऊन मासे खात बसणं त्याच्या वाट्याला येणार नाही. तो सैन्य उभारील, मनं वाकवील. पण अंगठीतली शक्ती तिच्या घडवणाऱ्याची आहे. सॉरॉनसमोर उभं राहून तिच्यावरचा हक्क टिकवू शकेल असा एकच, गॅन्डाल्फ, असं टॉल्किननं १९६३ च्या एका पत्राच्या मसुद्यात लिहिलं आहे, आणि गॅन्डाल्फ जातीनं सॉरॉनच्याच बरोबरीचा, म्हणजे मायार. व्होल्डेमॉर्ट कितीही मोठा जादूगार असला तरी मर्त्य माणूस आहे. देह परत मिळवायला सॉरॉनला मागच्या खेपेला सुमारे हजार वर्षं लागली. तेवढा काळ हॉरक्रक्सच्या आधारानं व्होल्डेमॉर्ट टिकेलही, पण बोटात ती अंगठी घालून हजार वर्षं टिकलेल्या माणसाचं काय झालेलं असेल? नाझगुलांना तर त्याहून दुय्यम अंगठ्या मिळाल्या होत्या आणि तरी ते विरत विरत छाया झाले.

दुसरा मार्ग, अंगठीचाच हॉरक्रक्स करणं. त्याच्या स्वभावाला हे जास्त शोभतं आणि हेच जास्त घातक आहे. आजवर त्यानं निवडलेल्या निर्जीव वस्तूंना स्वतःची इच्छा नव्हती. कप कप होता, मुकुट मुकुट होता. या अंगठीला इच्छा आहे. ती इसिल्दुरच्या बोटातून ऐन नदीत सटकली, गॉलमला सोडून गेली. ती सतत धन्याकडे परतायला बघते. तिच्यात आत्म्याचा तुकडा कोंडणं म्हणजे आपला हंडा शेजाऱ्याच्या तिजोरीत ठेवून किल्लीही त्याच्याच हवाली करणं. अंगठी सॉरॉनकडे पोचली की तुकडाही पोचला. शिवाय तिला नष्ट करू शकणारी आग एकच, ओरोड्रुइनची, आणि ती सॉरॉनच्या अंगणात. तो तुकडा सोडवणं मग व्होल्डेमॉर्टच्या स्वतःच्याही हातात राहत नाही.

दुसरी फेरी मनांची. इथे दोघंही आपापल्या कलेत पारंगत. व्होल्डेमॉर्टची लेजिलिमन्सी, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरण्याची कला, बहुधा नजरानजर मागते. सॉरॉनजवळ इथिलचा पॅलांटीर हा दूरदर्शी दगड आहे, म्हणजे शेकडो कोसांवरून नजरानजर करण्याचं साधन. व्होल्डेमॉर्टच्या हाती तसाच दुसरा, ऑर्थान्कचा दगड लागला असं धरू. तो बघणार, कारण आपल्यापेक्षा कुणाचं मन बळकट असेल ही शक्यताच त्याला मान्य नाही. सारुमान या जादूगारानं असंच बघितलं आणि तो अडकला. गॉन्डॉरचा कारभारी डेनेथॉर अडकला नाही, पण त्याला तेवढंच दाखवलं गेलं जेवढं बघून तो खचेल. इसिल्दुरचा वंशज आरागॉर्न यानं दगडावर ताबा मिळवला, कारण त्यावर वारसाहक्कानं त्याचा अधिकार होता, आणि तरीही त्याची दमछाक झाली. व्होल्डेमॉर्टकडे ना अधिकार, ना सारुमानइतकं मूळ बळ. त्याची लेजिलिमन्सी त्याहून कमकुवत मनांवर चालते आणि ती चालते म्हणूनच त्याला स्वतःच्या मापाचा अंदाज राहिलेला नाही. ही फेरी सॉरॉनची, आणि या फेरीत त्याला हवी ती एक माहिती मिळते: हा माणूस मरणाला भितो.

ही माहिती सॉरॉनच्या हातात पडणं म्हणजे काय, हे न्यूमेनॉरचं उदाहरण सांगतं. न्यूमेनॉरचा राजा आर-फाराझोन अफाट सैन्य घेऊन मॉर्डॉरवर चालून आला. सॉरॉनचे सैनिक पळाले. त्यानं काय केलं? लढलाच नाही. बुरुजातून उतरून आला, नमला आणि ३२६२ साली कैदी म्हणून बेटावर गेला. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत तो राजाच्या गुप्त मसलतींत सगळ्यात जवळचा झाला. ज्या वेदनेवर त्यानं बोट ठेवलं ती मरणाचीच होती: एल्फ अमर, तुम्ही का नाही? ५७ वर्षांनी, ३३१९ साली, बेट समुद्रात. जिच्यासमोर त्याचं सैन्य उभं राहू शकलं नाही ती सत्ता त्यानं बंदिवासात बसून संपवली. सॉरॉनचं सगळ्यात धारदार हत्यार कोणतं असं कुणी विचारलं तर मी अंगठीआधी शरणागतीचं नाव घेईन.

म्हणून तिसरी फेरी, वर्षभराच्या तयारीची, मला एकतर्फी वाटते. व्होल्डेमॉर्ट त्या वर्षात आणखी एखादा हंडा पुरेल, गुहेत इन्फेरी, म्हणजे जादूनं हलणारी प्रेतं, भरेल, हेर पाठवील. सॉरॉन भेट पाठवील. त्याच्याकडे भेटीचं सामानही तयार आहे. बटूंना दिलेल्या सात अंगठ्यांपैकी चार ड्रॅगनांच्या आगीत गेल्या, तीन त्यानं परत मिळवल्या. याच तीन देऊ करून त्याच्या दूतानं एरेबोरच्या राजा डाइनला अंगठी सापडलेल्या बॅगिन्सबद्दल विचारलं होतं. बटूंवर त्या अंगठ्यांचा फारसा अंमल चालला नाही, फक्त सोन्याची हाव वाढली. पण मुळात त्या नऊ अंगठ्यांच्याच जातीच्या. त्या माणसाच्या बोटात गेल्या तर? आयुष्य लांबतं. मरण दूर जातं. व्होल्डेमॉर्ट जन्मभर जे शोधतो आहे ते एका बोटात मावणाऱ्या वस्तूत, तेही दूताकरवी, नम्रपणे. तो ती लगेच घालणार नाही, तेवढा सावध आहे. आधी एखाद्या सेवकाच्या बोटात घालून बघेल. सेवकाला काही होणार नाही, कारण परिणाम दिसायला वर्षानुवर्षं लागतात. उलट त्याचं बळ वाढलेलं दिसेल. आणि सेवकाकडे आपल्यापेक्षा जास्त बळ आहे, ही गोष्ट व्होल्डेमॉर्ट आठवडाभरही सहन करणार नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. व्होल्डेमॉर्टचा आत्मा फाटलेला आहे, मग अंगठी पकड कशावर घेणार? माझ्या मते हेच त्याच्या विरुद्ध जातं. १९८१ मध्ये त्याच्या देहात आत्म्याचा थोडासाच भाग उरला होता, तोही इतका खिळखिळा की हॅरीला मारायला गेलेल्या रात्री देह पडताना त्याचा आणखी एक तुकडा निखळला आणि हॅरीत जाऊन बसला. अंगठीला अख्ख्या माणसाशी झगडायचं नाही, तेवढ्या उरल्यासुरल्या भागाशीच झगडायचं आहे.

या दोघांच्या झुंजीबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. दोघंही आपापल्या गोष्टीत हरले ते एकाच आंधळेपणामुळे. समोरचा माणूस सत्ता हातात आलेली असताना ती टाकून देईल, हे सॉरॉनच्या कल्पनेत बसलं नाही. एखादी आई किंवा एखादा मुलगा स्वतःहून मरणापुढे उभा राहील, हे व्होल्डेमॉर्टच्या कल्पनेत बसलं नाही. पण एकमेकांसमोर उभे राहिल्यावर हा आंधळेपणा कुणालाच नडत नाही, कारण समोरचाही तसाच विचार करतो. आपण जीव लपवला तसा यानंही लपवला असेल, हे दोघांनाही सहज सुचेल. पोपट कुठे आहे हे शोधून काढणं दोघांनाही जमेल. अडणार आहे ते पुढच्या पायरीवर. आपल्या गोष्टीतला राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो, कारण त्याला पोपट नको असतो. या दोघांना तो हवा आहे. व्होल्डेमॉर्ट अंगठी ओरोड्रुइनमध्ये टाकणार नाही. आणि सॉरॉन? त्याला हॉरक्रक्स नष्ट करणाऱ्या बेसिलिस्क सापाच्या विषाच्या शंभर बाटल्या आणून दिल्या तरी तो हॉरक्रक्स फोडणार नाही. नऊ अंगठ्या जशा त्यानं स्वतःकडे घेऊन नाझगुलांना मुठीत ठेवलं, तसे डायरी, कप, लॉकेट, मुकुट हे सगळे बाराद-दूर या त्याच्या बुरुजाच्या तळघरात जपले जातील. डायरी तर त्याच्या हाती अगदी सुरक्षित, कारण तिच्यापुढे मन मोकळं करणाऱ्यालाच ती गिळते आणि सॉरॉन कुणापुढे मन मोकळं करत नाही.

निकाल मग असा: पहिला वार व्होल्डेमॉर्टचा बसेलही, पण लढत लांबली की तो दहावा नाझगुल होतो. बाकीच्या नऊ जणांहून त्याची अवस्था एका बाबतीत वाईट. तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली, २५ मार्चला, अंगठी वितळली की तिच्यावर टेकलेलं सगळं कोसळतं आणि नऊपैकी उरलेले आठ जण त्या क्षणी संपतात (त्यांचा म्होरक्या दहा दिवस आधीच पडलेला असतो). दहाव्याची सुटका होत नाही. त्याचे हॉरक्रक्स कोसळलेल्या बाराद-दूरच्या दगडांखाली शाबूत आहेत. तो पुन्हा धूर होऊन अल्बेनियाच्या जंगलातल्यासारखा भटकणार, उंदीर आणि साप शोधत. देह परत मिळवायला बापाचं हाड, सेवकाचं मांस आणि शत्रूचं रक्त लागतं. हाड त्याच्या जगातल्या लिटल हँगलटनच्या दफनभूमीत राहिलं, शत्रू तर गाडलेल्या सैन्याबरोबरच गेला, आणि आपणहून हात कापून देणारा सेवक मॉर्डॉरच्या राखेत आता कुणी उरलेला नाही.